‘कन्सर्टेड’ अडला म्हणून घेतलेली डिक्शनरी

दिंडोरी रोडवरच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसचं ऑफिस मी सांभाळते. माल युरोपला जातो, त्यामुळे सीझनमध्ये इंग्रजी मेल माझ्याकडेच. यंदा रेसिड्यूचे, म्हणजे द्राक्षांवर उरणाऱ्या औषधाच्या अंशाचे, रिपोर्ट चांगले आले, तेव्हा आमचे एक बागायतदार काका म्हणाले, “ताई, हे आम्ही चौदा जणांनी ठरवून केलंय, तेवढं लिहा बरं का.”

मोबाईलवरच्या एका ॲपनं ‘कन्सर्टेड’ शब्द दिला, अर्थ ‘एकत्रित’. मी लिहिलं, ‘अवर एफर्ट वॉज कन्सर्टेड.’ वाक्य खटकत होतं, पण का ते कळेना.

शनिवारी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी उघडली. नोंद छोटीशीच. सुरुवातीलाच खूण, की हे विशेषण फक्त नामाच्या आधी येतं. म्हणजे ‘अ कन्सर्टेड एफर्ट’ बरोबर, माझं वाक्य चूक. मग अर्थ: ठरवून, निश्चयाने केलेलं, विशेषतः एकाहून जास्त जणांनी. काकांचं ‘ठरवून’ इथे सापडलं! नुसतं एकत्रित तर चाळीतले कांदेही असतात. आमचे चौदा जण ऑक्टोबर छाटणीनंतर एका ओट्यावर बसले आणि काढणीच्या किती दिवस आधी कोणतं औषध बंद करायचं, ते वहीत लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. मैफलीचा ‘कॉन्सर्ट’ याच शब्दाचा भाऊबंद आहे, हेही मला फार आवडलं. मराठीत ‘संगनमताने’ जवळ जातो, पण त्याला कटाचा वास येतो. मी ‘एकविचाराने’ धरला. ‘विशेषतः’ म्हटलंय, कारण एकट्याच्या जिद्दीच्या प्रयत्नालाही लोक ‘कन्सर्टेड’ म्हणतात. मी मात्र तो शब्द अनेकांसाठीच वापरीन.

मग शेजारपाजारचे शब्दही पाहिले. ‘कोऑपरेटिव्ह’ म्हणजे आपली सहकारी सोसायटी, आणि सांगितलेलं ऐकून मदत करणारा माणूससुद्धा. ‘कोलॅबरेटिव्ह’ म्हणजे कामच मिळून केलेलं. आमच्याकडे फवारणी ज्याची त्याने आपल्या बागेत केली, म्हणून तो बसत नव्हता. ‘जॉइंट’ बँकेच्या खात्यापुरता ठीक.

पुढच्या आठवड्यात एम. जी. रोडवरून स्वतःची प्रत आणली. या डिक्शनरीचे मूळ कर्ते ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांनी सहकाऱ्यांसोबत हा कोश रचला. १९४२ मध्ये तो पहिल्यांदा तिथेच छापला गेला. इंग्रजी ज्यांची घरची भाषा नाही त्यांच्यासाठीच तो आहे, म्हणून शब्द वाक्यात कुठे बसतो हेही सांगतो. मराठी अर्थ यात नाहीत, ते आपण शोधायचे. मला त्यातच शिकायला मिळालं. कामासाठी इंग्रजी लिहावं लागत असेल तर जरूर घ्या.

मेल ‘वी मेड अ कन्सर्टेड एफर्ट’ असा गेला. काकांना मराठीत वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी चौदाही नावं खाली टाकायला लावली.