टेन्स मशीन: यंत्र ठणठणीत, पॅड आणि वायरीने वैताग

टेन्स म्हणजे त्वचेवर पॅड चिकटवून विजेचे सौम्य ठोके देत दुखणं दाबणारं यंत्र. माझ्या मशीनची वायर पिनेजवळ तुटली. मशीन व्यवस्थित चालतंय, तरी सर्व्हिसवाल्यांचं एकच उत्तर: सुटी वायर मिळत नाही, पॅडसकट पूर्ण संच घ्या. मशीनकडचं सॉकेट त्यांनी मुद्दाम वेगळं ठेवलंय, म्हणून दुसऱ्या कुणाची वायर बसत नाही. टेनिस एल्बोसाठी (कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं) कित्येक महिने हे मशीन वापरतेय. एका वायरीपायी ते कपाटात जावं, याचा फार संताप येतो.

दुखणं कमी होतं का? होतं. ८० ते १०० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला तेवढे ठोके), करंट जोरदार पण सोसेल इतका ठेवला की झिणझिण्यांखाली ठणका दबतो. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलेला 'गेट कंट्रोल' सिद्धांत याच्यामागे आहे: स्पर्शाचे जाड मज्जातंतू चेतवले की वेदनेच्या संदेशाला मज्जारज्जूतच अडसर होतो. २ ते ४ हर्ट्झला स्नायू ठकठक उडतो. तो मोड मला रात्री बरा वाटतो. बाकीचे मोड मी लावत नाही.

आता पॅड. खरेदी करताना याबद्दल कुणी बोलत नाही, आणि खरा खर्च तिथेच आहे. त्वचेचं तेल आणि मृत पेशी पॅडच्या चिकट जेलला चिकटतात, चिकटपणा जातो, कडा उचलल्या जातात. मशीन करंट तेवढाच ठेवतं, तो उरलेल्या कमी जागेतून जातो, आणि मग झिणझिण्यांऐवजी चावा बसतो. कोपराच्या गोलाईवर तर हे फार लवकर होतं. त्वचा साबणाने धुऊन कोरडी करायची, क्रीम लावायचं नाही, काढताना पॅडची कड धरायची (वायर ओढायची नाही), जेलवर पाण्याचा एखादा थेंब पसरवून प्लास्टिकवर परत लावायचं. एवढं केलं की पॅड बराच जास्त टिकतो.

खोक्यावर 'ऊती लवकर भरून येतात' असंही छापलंय. सुरुवातीला मला ते पटलं होतं, आता नाही. माझ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी स्पष्ट सांगितलं की टेन्स दुखणं दाबतं. स्नायूबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) सुधारतो तो हळूहळू वाढवलेल्या वजनाच्या व्यायामाने. आधी दुखण्यामुळे मनगटाचा व्यायाम अर्धवट सुटायचा. आता पॅड लावूनच करते आणि पूर्ण होतो. मशीनचं खरं मोल मला यात दिसतं. कंबरदुखीसाठी घेणाऱ्यांनी मात्र हे वाचावं: ब्रिटनच्या नाइस या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शनात कंबरदुखीवर टेन्स देऊ नये असंच म्हटलंय.

पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि जखमेवर पॅड नको. गरोदरपणात पोटावरही नको.

विकत घेताना मोडची संख्या पाहू नका. वायर सुटी मिळते का आणि पॅडला साधी २ मिलिमीटरची पिन लागते का, एवढं आधी विचारा. माझी लेखी तक्रार गेली आहे. सुटी वायर मिळेपर्यंत तीनच स्टार.