चितळांचा उपद्रव: शिकारीची परवानगी की सौर कुंपण?

ताडोबा, पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडला जंगलाच्या कडेला ज्यांची वावरे आहेत, त्यांच्या ग्रामसभेत एक प्रश्न हमखास निघतो: परदेशात हरणांच्या शिकारीचे परवाने मिळतात, मग आपल्याकडे का नाहीत? येत्या हंगामापूर्वी पाठपुरावा शिकारीच्या परवानगीचा करावा की कुंपणाच्या अनुदानाचा, हे ज्यांना ठरवायचे आहे त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

अमेरिकेत शिकारीचा हंगाम, संख्या आणि नर मारायचा की मादी, हे राज्यांचे वन्यजीव विभाग ठरवतात. परवान्याचे शुल्क आणि १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव व्यवस्थापनाकडे जातो. या पद्धतीचे मर्म मादीत आहे, आणि आपल्या चर्चेत नेमके तेच सुटते. एक नर अनेक माद्यांना पुरत असल्याने शिंगवाले नर टिपून कळप घटत नाही. माद्या कमी कराव्या लागतात, त्याही दरवर्षी. चितळाची मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देत असली, तरी तिची वीण बाराही महिने चालू असते. एकोणिसाव्या शतकात हवाई बेटांवर नेलेले आपलेच चितळ तिथे आजही बंदुकीने आवरावे लागतात, कारण तिथे वाघ नाही. आपल्याकडे वाघ, बिबट आणि रानकुत्री हे काम रोजच करतात. चितळच विरळ झाले, तर या शिकारी प्राण्यांचा मोर्चा गोठ्याकडे वळण्याची भीती आहे.

शिवाय कायदा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तीनुसार सांबर आणि काळवीट पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत, तर चितळ, रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. कलम ११ खाली, उभ्या पिकाला धोका असल्यास दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीची लेखी परवानगी मिळू शकते. मारलेला प्राणी मात्र सरकारी मालमत्ता ठरतो, त्यामुळे मटणाचा विचार करणाऱ्यांनी तो सोडून द्यावा. कलम ६२ खाली एखादा प्राणी ठरावीक भागापुरता आणि मुदतीपुरता उपद्रवी घोषित करण्याचा अधिकार केंद्राचा आहे. त्याच आधारे २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात दोनशेहून अधिक रोही मारले गेले.

सौर कुंपण, म्हणजे आपले झटका मशीन, कळप कमी करत नाही; ते फक्त वावर वाचवते, आणि जागलीला जाणाऱ्याला हवे असते तेवढेच. त्याचे दोष उघड आहेत. पावसाळ्यात तारेला गवत टेकले की झटका उतरतो, आणि उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते. एकट्याने कुंपण केले, तर कळप शेजाऱ्याच्या तुरीत शिरतो. म्हणून माझा कौल चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून घातलेल्या सामूहिक कुंपणाला आहे. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदानही मिळते. विजेच्या खांबावरून तारेत थेट प्रवाह सोडणे हा पर्यायच नव्हे. त्याने वाघही मेले आहेत आणि माणसेही.

शिकारीच्या परवानगीचा अर्ज करायचाच असेल, तर तो रानडुक्कर किंवा रोह्यासाठी करणे अधिक सयुक्तिक आहे. त्याआधी नुकसान नेमके कोणी केले हे ओळखण्यासाठी पहाटे धुऱ्यावरून (बांधावरून) एक फेरी मारावी. हरणाला वरचे पुढचे दात नसल्याने सोयाबीनचे शेंडे तुटल्यासारखे, ओबडधोबड दिसतात. डुकराने जमीन उकरलेली असते. आणि रोही एकाच जागी लेंड्यांचा ढीग घालतो.