रेट 285चा, दगड भलताच: ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये आमची झालेली फसवणूक

ओट्यासाठी ग्रॅनाइट घ्यायला निघालं की भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "रेट काय मिळाला?" पण या धंद्यात रेटमध्ये कोणी फारसं फसवत नाही, कारण रेट सगळेच चार दुकानांत विचारतात. फसवतात ते मापात. आणि दुकानात पसंत केलेला दगड आपल्या घरी पोचेपर्यंत मधल्या वाटेवर. कोपरखैरण्याच्या आमच्या जुन्या घराचं काम काढलं तेव्हा हे दोन्ही आमच्या वाट्याला आलं. ठाण्यात आणि नवी मुंबईत आता वीस-पंचवीस वर्षांच्या घरांची कामं जागोजाग निघताहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण आमची तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे.

दुकान कॉन्ट्रॅक्टरनं सुचवलं. "वहिनी, ठाण्यातला माझा नेहमीचा माणूस आहे, 285नं देईल." त्याआधी शिळफाट्याकडच्या एका गोदामात आम्ही तशाच काळ्या ग्रॅनाइटचा भाव विचारला होता, तिथे 340 रुपये स्क्वेअर फूट सांगितला होता. ठाण्याच्या दुकानात दगड समोर उभा करून ठेवलेला होता. काळाभोर, आरशासारखं पॉलिश, कुठे डाग नाही. मालक म्हणाला, "ताई, जेट ब्लॅक आहे, अठरा एमएम, ओरिजनल. डोळे झाकून घ्या." बिलाचं विचारलं तर म्हणाला, "पक्कं बिल केलं तर 18 टक्के जीएसटी वर जाईल, कशाला उगीच?" मग एका चिठ्ठीवर रेट आणि एकूण आकडा लिहून दिला आणि सत्तर टक्के रक्कम आगाऊ मागितली. आम्ही ती यूपीआयनं दिली आणि दगडाचं नाव, जाडी, रेट हे सगळं त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं. पुढे याच दोन गोष्टी कामाला आल्या.

आता मापाबद्दल. हे नीट वाचा, कारण इथे अगदी शिकलेली माणसंही गप्प बसतात.

आमचा ओटा एल आकाराचा आहे. एका भिंतीला दहा फूट, दुसऱ्या भिंतीला सात फूट, रुंदी 25 इंच, म्हणजे दोन फूट एक इंच. दोन्ही बाजू कोपऱ्यात एकमेकींना मिळतात, म्हणून तो कोपरा एकदाच मोजायचा असतो. तसा हिशोब केला की दगड होतो 31 स्क्वेअर फुटांच्या आसपास. दुकानदाराच्या चिठ्ठीवर मात्र साडेबेचाळीस होते. त्यानं दोन फूट एक इंचाचे थेट अडीच फूट केले आणि दहा अधिक सात असे सतरा फूट धरून अडीचनं गुणलं. म्हणजे कोपरा दोनदा, आणि वर प्रत्येक फुटाला पाच इंच रुंदी फुकटची. 285च्या रेटनं नुसत्या दगडाचेच 12,112 रुपये झाले.

या धंद्यात तीन-तीन इंचांच्या पटीत माप वर ओढायची पद्धत आहे, ती बहुतेक ठिकाणी चालते. कापताना तुकडा वाया जातो, हेही खरं. म्हणून ती सूट देऊन पाहू. रुंदी सव्वादोन फूट धरली आणि कोपरा एकदाच मोजला तर 33 फुटांच्या किंचित वर होतात. 340च्या गोदामाचा रेट लावला तरी बिल सव्वाअकरा हजारांच्या आसपास येतं. म्हणजे ज्याचा रेट फुटामागे 55 रुपयांनी स्वस्त होता, त्याचं बिल आठशे रुपयांनी महाग होतं.

मोल्डिंगचंही तसंच. ओट्याची पुढची कड गोल करतात तिचे पैसे रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर असतात. एल आकारात पुढची कड आतल्या बाजूला येते, ती भिंतीच्या मापापेक्षा बरीच कमी भरते. आमची कड तेरा फुटांच्याही आत होती. चिठ्ठीत लिहिले होते सतरा, भिंतीचेच. भिंतीला चिकटलेली कड कोणी गोल करत नाही, पण पैसे तिचे लावले होते. सिंकचं कटिंग वेगळं, शेगडीचं कटिंग वेगळं. त्यातून निघालेले दगडाचे तुकडे आपल्याच मालकीचे असतात, तेही त्यानं ठेवून घेतले. एवढा तुकडा खिडकीच्या पट्टीला किंवा बाथरूमच्या छोट्या फळीला सहज पुरतो.

आम्ही चिठ्ठीवरच्या मापाबद्दल विचारलं तेव्हा कॉन्ट्रॅक्टर मध्ये पडला. "वहिनी, सगळीकडे असंच माप असतं. मी बघून घेतो, शेवटी ॲडजस्ट करतो." दुकानदाराकडून कॉन्ट्रॅक्टरला कमिशन मिळतं ही या शहरातली उघड गोष्ट आहे. मला कमिशनचा राग नाही. ज्यानं आपल्या बाजूनं माप तपासायचं, तोच दुकानदाराच्या बाजूनं बोलतो, याचा आहे.

दगड शनिवारी येणार असं आम्हाला सांगितलं होतं. काम चालू असल्यानं आम्ही डोंबिवलीला नणंदेकडे राहत होतो. शनिवारी सकाळी घरी गेलो तर ओटा बसवूनही झालेला. दगड गुरुवारी रात्रीच टेम्पोतून आला होता, कापलेलाच, आणि शुक्रवारी मिस्त्रीनं सिमेंटवर बसवून सांधे भरले होते. वर प्लास्टिक अंथरलेलं. "तुमचा वेळ वाचवला," असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. दिसायला दगड काळाच होता आणि कड चांगली जाड दिसत होती.

ती जाड कड हेच लपवण्याचं साधन होतं. स्लॅब, म्हणजे दगडाची लादी, पातळ असला की पुढच्या कडेला खालून त्याच दगडाची एक पट्टी चिकटवतात आणि दोन्ही मिळून मोल्डिंग काढतात. याला डबल पट्टी म्हणतात. पद्धत वाईट नाही, चांगल्या दगडालाही शोभेसाठी करतात. पण समोरून पाहणाऱ्याला मूळ दगडाची जाडी कळायला काही मार्ग राहत नाही. ती फक्त सिंकच्या आणि शेगडीच्या कापलेल्या भोकात दिसते, आणि तिथे सिंक-शेगडी बसली की तीही झाकली जाते.

आमचं नशीब की शेगडी बसवायला कंपनीचा मुलगा आला तो चौकस होता. त्यानं भोकाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथून एक बारीक चीर निघाली होती. मग टेप लावून म्हणाला, "काकू, किती एमएम सांगितला होता? हा पंधराही भरत नाही." अठराचे पैसे घेऊन पंधराच्या आतला दगड दिला होता. भोकाचे कोपरे काटकोनात कापले की ताण नेमका तिथेच येतो, म्हणून जाणता कारागीर आतले कोपरे थोडे गोल ठेवतो. इथे कोपरे काटकोनात होते, आणि दगड पातळ.

त्याच भोकात आम्हाला दुसरी गोष्ट दिसली, जी जास्त लागली. दगडाची कापलेली कड काळी नव्हती, राखाडी होती. काळा होता तो फक्त वरचा थर.

सासूबाईंनी ओटा पुसायला पांढरं फडकं घेतलं होतं, त्यालाही काळपट झाक आली. त्यांना ती धूळ वाटली. मी कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन भिंतीकडच्या कोपऱ्यात घासलं आणि बोळा काळा झाला. खालचा दगड मळकट राखाडी दिसायला लागला. पिकलेल्या केसांना कलप लावावा तसा त्या दगडाला रंग दिला होता. हलक्या प्रतीच्या करड्या दगडात काळा रंग मुरवतात, वर तेल किंवा मेणाचं पॉलिश चढवतात आणि जेट ब्लॅक म्हणून विकतात. रोजचं पुसणं, साबण, गरम भांडी यांनी तो रंग हळूहळू जातो आणि शेगडीभोवती पांढुरके पट्टे पडतात. ॲसिटोन असलेला रिमूव्हर ते दोन मिनिटांत दाखवतो. अस्सल काळ्या ग्रॅनाइटवर बोळा स्वच्छ राहतो. दुकानात पाहिलेल्या स्लॅबची चाचणी घ्यायची राहिली, असा प्रश्न इथे नव्हताच. तो स्लॅब बहुधा खराच होता. आमच्या घरी आला तो वेगळा होता.

काळ्या दगडाच्या बाबतीत आणखी एक फसवणूक चालते. पॉलिश केलेला, तेल पाजलेला कडाप्पा ग्रॅनाइट म्हणून खपवतात. कडाप्पा हा आंध्रातल्या कडपा भागातला चुनखडीचा दगड. ओट्याखालच्या फळ्यांना, माळ्याला तो उत्तम. वर घातला तर लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर यांनी त्याचं पॉलिश मरतं. तुकड्यावर लिंबाचा रस टाकून थोडा वेळ ठेवला आणि तिथली चमक गेली तर तो ग्रॅनाइट नव्हे. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्याच ओंगोलजवळच्या चिमकुर्तीहून येतो. ते ठिपके दगडाच्या आतपर्यंत असतात, कापलेल्या कडेतही दिसतात. दगड कुठलाही असो, पॉलिशचा पृष्ठभाग पाहून काही ठरवू नका. तुटलेली किंवा कापलेली कड बघा, आणि पाठीमागून बघा. मागे जाळी चिकटवलेली असेल तर ती का लावली ते विचारा. नाजूक दगडाला आधार म्हणून लावतात, तशी तडा गेलेला स्लॅब धरून ठेवायलाही लावतात.

आम्ही दुकानात गेलो तर मालकाचा सूरच बदलला होता. "नॅचरल स्टोन आहे ताई, शेड बदलणारच." दगडाची छटा स्लॅबगणिक बदलते हे खरं आहे, पण दगडाचा रंग फडक्याला लागत नाही. मग म्हणाला, "तुम्ही ॲसिड वापरलं असेल." शेवटी भिंतीवरच्या पाटीकडे हात केला. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "मी तर फक्त दुकान दाखवलं."

ती पाटी पाहून कित्येक लोक परत फिरत असतील, म्हणून हे मुद्दाम सांगते. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. आणि सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, तशी मुदत नसेल तर 30 दिवसांत, परत घेण्यास नकार देणं हीसुद्धा. पाटी लावल्यानं कायदा रद्द होत नाही. मी आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, दुकानाला लेखी नोटीस पाठवली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले. आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोगाची फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. पक्कं बिल नसतानाही आमच्याकडे यूपीआयची नोंद होती, व्हॉट्सॲपवर "जेट ब्लॅक 18 एमएम" असं दुकानदाराच्या शब्दांत होतं, मोजपट्टी लावलेल्या कडेचे फोटो होते आणि चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीवर त्याच्याच अक्षरात माप होतं. नोटीस मिळाल्यावर त्यानं अर्धे पैसे देऊन मिटवायची तयारी दाखवली. आम्ही नाही म्हणालो, कारण दगड काढायचा तर खालचं सिमेंट, टाइल्सची खालची ओळ, सिंकचं नळकाम सगळं पुन्हा करावं लागतं. तो खर्च दगडाच्या किमतीहून जास्त होतो आणि तो त्यानंच द्यायला हवा.

नवा दगड आम्ही शिळफाट्याच्या त्या 340वाल्या गोदामातून घेतला. तिथे काय वेगळं झालं ते सांगते, म्हणजे दुकान कसं पारखायचं ते कळेल. त्यानं नमुन्याचा तुकडा दाखवला नाही, उभे स्लॅब दाखवले आणि आमच्यासाठी निवडलेल्या स्लॅबच्या मागे आमच्या हातानं मार्करनं सही करून घेतली. त्या सहीचा आणि पुढच्या बाजूचा फोटो आम्ही काढला. रिमूव्हरचा बोळा फिरवू का विचारलं तर त्यानं स्वतः कापूस दिला. माप घ्यायला त्याचा माणूस घरी आला, कोपरा एकदाच मोजला आणि कागदावर आकृती काढून प्रत्येक बाजू इंचांत लिहिली. कटिंग त्याच्या आवारात आमच्यासमोर झालं, ग्राइंडरवर पाणी सोडून. कोरडं कापलं की दगडाची बारीक धूळ कारागिराच्या छातीत जाते, आणि ज्या ठिकाणी आपल्या माणसांची एवढीही काळजी घेत नाहीत तिथून मी वस्तू घेणार नाही. उरलेले तुकडे त्यांनी न मागता टेम्पोत चढवले. सहीचा तुकडा घरी पोचल्यावर फोटोशी जुळवला, मगच उरलेले पैसे दिले.

बिल पक्कं होतं. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला 27नं सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे ते दिसतं. बिलावर दगडाचं नाव, जाडी, लॉट नंबर आणि स्क्वेअर फूट चारही लिहून घ्या. नुसतं "ग्रॅनाइट" असं लिहिलेल्या बिलाचा आयोगापुढे फार उपयोग होत नाही.

ज्यांचा ओटा पुढच्या महिन्यात बसणार आहे त्यांनी आगाऊ रक्कम देण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारावं, "स्लॅबवर सही करू का, आणि कापताना समोर उभे राहू का?" आम्हाला फसवणाऱ्या दुकानात मी नंतर माझ्या मैत्रिणीला हेच विचारायला पाठवलं. तिला उत्तर मिळालं, "कटिंग आमच्या वर्कशॉपला होतं मॅडम, तिथे गिऱ्हाइकांना येऊ देत नाही." तिनं दगड शिळफाट्यालाच घेतला.