ईएलएम३२७ ब्लूटूथ अडॅप्टर: कोड नको, हवेचा आकडा बघा

पाचपैकी चार तारे देतोय, आणि तेही एकाच गोष्टीसाठी: चालू इंजिनचे आकडे हा फोनवर दाखवतो. नुसता बिघाडाचा कोड वाचायला घेणार असाल तर घेऊ नका, कोड कुठल्याही गॅरेजमध्ये वाचून मिळतो. पण डिझेल गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा जळका वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) खरंच अडकलाय का, हे पार्ट बदलण्याआधी स्वतः बघायचं असेल तर ही काडेपेटीएवढी डबी जवळ हवीच.

माझी गाडी दीड लिटरची डिझेल, बरीच पळालेली. आयडलवर थरथरायची, खालच्या आरपीएमला पिकअप मेलेला, आणि रेस दिली की मागे काळा धूर. चेक इंजिनचा दिवा लागल्यावर गॅरेजमध्ये कोड निघाला पी०४०२, म्हणजे ईजीआरचा प्रवाह गरजेपेक्षा जास्त. लगेच निकाल: ‘व्हॉल्व्ह गेला, पूर्ण असेंब्लीच बदलावी लागेल.’ पण कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची तक्रार असते, गुन्हेगाराचं नाव नव्हे. इंजिनात जाणारी हवा मोजणारा मॅफ सेन्सर घाण होऊन ती कमी मोजायला लागला, तरी कॉम्प्युटरची समजूत हीच होते की जळका वायू जास्त येतोय. एवढा महागडा पार्ट अंदाजाने बदलणं मला मुळीच पटत नाही, म्हणून हा अडॅप्टर मागवला.

स्टीअरिंगच्या खाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडायची जागा) असतं, त्यात लावला, फोनशी जोडला, काम सुरू. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, एसी बंद करा, आणि ॲपच्या एकाच स्क्रीनवर आरपीएम, मॅफ, ईजीआर कमांड (व्हॉल्व्ह किती उघडायचा हा कॉम्प्युटरचा हुकूम) आणि ईजीआर एरर (हुकूम आणि प्रत्यक्ष यातला फरक) हे चार आकडे लावा.

मॅफचा आकडा किती यायला हवा, हे कुणाला विचारावं लागत नाही. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढतं. दीड लिटर आणि ८०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ६०० लिटर, सेकंदाला १० लिटर. लिटरभर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२ ग्रॅम. सिलिंडर पूर्ण भरत नाही आणि आत जाईपर्यंत हवा तापते, म्हणून ९-१० ग्रॅम धरा. उंचावरच्या गावात हवा विरळ, तिथे आणखी थोडा कमी. हा झाला ईजीआर बंद असतानाचा आकडा. व्हॉल्व्ह उघडला की तेवढी जागा जळका वायू अडवतो आणि ताजी हवा घटते. माझ्या गाडीत कॉम्प्युटर ‘बंद हो’ म्हणत होता, कमांड शून्य, आणि मॅफ ६ च्याही खाली.

ईजीआर एररपाशी ९९.२ टक्के दिसत होतं. हा आकडा बघून अडॅप्टर खराब आहे असं समजू नका. कमांड शून्य असताना व्हॉल्व्ह थोडा जरी उघडा असला, तरी ओबीडीच्या नियमाप्रमाणे तिथे त्या खान्यातला सर्वांत मोठा आकडा येतो, आणि तो ९९.२ असतो. व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तरीही मॅफ सेन्सरवरचा संशय उरतोच. तो मिटवायला इंजिन थंड करून व्हॉल्व्हच्या जोडावर जळक्या वायूची वाट बंद करणारा पातळ पत्रा बसवला आणि गाडी पुन्हा आयडलवर आणली. आकडा ९ च्या वर गेला, थरथर थांबली. सेन्सर निर्दोष! हा पत्रा फक्त तपासणीपुरता, हे मी अगदी कळकळीने सांगतो. कायमचा पत्रा मारून देणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. ईजीआर आहे तो ज्वलनाचं तापमान खाली ठेवून नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला. तो बंद केला की ते विष इतरांच्या फुप्फुसात जातं.

व्हॉल्व्ह खोलला तर आत काजळी आणि क्रँककेसमधून आलेल्या तेलाच्या वाफेचा ओलसर काळा थर. बोट लावलं तर डांबरासारखा चिकटला. तबकडी आणि तिच्या सीटच्या मध्ये नखाएवढी कडक खपली अडकली होती, तेवढ्यानेच व्हॉल्व्ह मिटत नव्हता. मोटर ठीक होती. क्लीनरने थर मऊ करून ब्रशने काढला, सीटला स्क्रू ड्रायव्हर लावला नाही, इलेक्ट्रिक भागावर क्लीनर जाऊ दिला नाही, गॅस्केट नवीन घातलं. असेंब्ली बदलायची गरज नव्हतीच.

एक तारा कापला तो पुढच्या कामासाठी. साफ केलेल्या व्हॉल्व्हला ‘बंद म्हणजे नेमकं कुठे’ हे कॉम्प्युटरला नव्याने शिकवावं लागतं. ते या अडॅप्टरने माझ्या गाडीत झालं नाही, आणि व्हॉल्व्ह फोनवरून उघडझाप करून बघायची सोयही मिळाली नाही. त्यासाठी मोठ्या स्कॅनरवाल्याकडे जावंच लागलं.

उलटा दोष, म्हणजे बंद स्थितीत अडकलेला व्हॉल्व्ह, या अडॅप्टरवर अर्धाच पकडता येतो. कमांड वाढली तरी मॅफ खाली येत नाही, कोड बहुधा पी०४०१. पण ईजीआर कूलर किंवा वाट काजळीने बुजली तरी आकडे असेच दिसतात. तिथे खोलूनच बघावं लागतं.

घेताना एवढं बघा. ईएलएम३२७ हे आतल्या मूळ चिपचं नाव, बाजारात बहुतेक तिच्या नकला आहेत. डबीवर ‘व्हर्जन १.५’ लिहिलेलं असेल तर ती नक्कल हे नक्की, कारण मूळ कंपनीने ते व्हर्जन कधी काढलंच नाही. नक्कल असली म्हणून लगेच टाकाऊ ठरत नाही, माझीही नक्कलच आहे, पण चारपेक्षा जास्त आकडे लावले की ती अडखळते. आयफोनवाल्यांनी साधं ब्लूटूथ घेऊ नये, ब्लूटूथ एलई किंवा वायफायचं घ्यावं. आणि काम झालं की सॉकेटमधून काढून ठेवा. तिथे गाडी बंद असतानाही करंट असतो, गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते.