विचक्राफ्टमध्ये विषारी वनस्पती: मलम, सुकी मुळी, जिवंत रोप की निर्धोक पर्याय?

विचक्राफ्टमध्ये, म्हणजे विधी आणि मंत्रतंत्राच्या पाश्चात्त्य साधनेत, थोडं रुळलं की लक्ष विषारी वनस्पतींकडे जातंच. बेलाडोना, माणसासारख्या आकाराच्या मुळीचा मँड्रेक, हेनबेन म्हणजे खुरासानी ओवा, धोतरा, बचनागाच्या कुळातला मंक्सहूड. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: यातली कोणती घेऊ? माझ्या मते त्याआधी ठरवायचं ते वेगळंच. ती वनस्पती तुमच्या किती जवळ येऊ द्यायची? बंद बाटलीत, कुंडीत, कातडीवर की थेट पोटात? वनस्पती तीच असली तरी या चार ठिकाणी धोका चार तऱ्हेचा असतो. आणि विधीसाठी ती वेदीवर असणं पुरतं, रक्तात उतरण्याची गरज नाही, असं मी ठामपणे मानते.

सगळ्यात मोठं आकर्षण उडण्याच्या मलमाचं, म्हणजे विषारी वनस्पतींचं जे मलम अंगाला लावून चेटकिणी उडतात असं मानलं जाई त्याचं, म्हणून सुरुवात तिथूनच. स्पॅनिश वैद्य आंद्रेस लागुना यांनी 1545 मध्ये मेट्झ इथे असं एक हिरवं मलम तिथल्या फाशी देणाऱ्याच्या बायकोला अंगभर लावून पाहिलं. ती छत्तीस तास झोपली, आणि उठवल्यावर का उठवलंत म्हणून चिडली. ही गोष्ट मलमाच्या बाजूने नेहमी सांगितली जाते. मला त्यात दुसरंच दिसतं: ती बाई छत्तीस तास बेशुद्ध होती आणि तिचं पुढे काय होईल हे कुणाच्याच हातात नव्हतं. शिवाय मलमांच्या जुन्या कृती आपल्यापर्यंत आल्या त्या मुख्यतः न्यायाधीश, धर्मपंडित आणि वैद्यांच्या लेखणीतून. त्यामुळे ‘अस्सल परंपरेची कृती’ असं कुणी म्हणालं की मी तरी सावध होते.

कातडी म्हणजे भिंत नव्हे. गाडी लागू नये म्हणून कानामागे लावायच्या स्कोपोलामिनच्या पट्टीला अमेरिकेत 1979 मध्ये परवानगी मिळाली. ती तीन दिवसांत मिळून साधारण 1 मिलिग्रॅम औषध अंगात सोडते, आणि एवढ्यानेही तोंड कोरडं पडतं, डोळ्यांना धूसर दिसतं, म्हाताऱ्या माणसांना भ्रम होऊ शकतो. तेच स्कोपोलामिन धोतरा, हेनबेन, बेलाडोना आणि मँड्रेकमध्ये असतं, सोबत हायोसायमिन आणि अॅट्रोपिन ही त्याच जातीची विषं. त्यांचं प्रमाण झाडागणिक बदलतं, एकाच झाडाच्या पानात, मुळात, बीमध्ये वेगळं असतं, ऋतूप्रमाणेही कमीजास्त होतं. एकाच हाताने केलेले मलमाचे दोन डबे सारखे निघतील याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. विकत मिळणाऱ्या डब्यांनाही हेच लागू. काचबिंदू, हृदयविकार किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, अॅलर्जीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्या चालू असतील, तर धोका आणखी वाढतो. गरोदरपणात तर विचारही नको.

आता साधनेच्या बाजूने पाहू. या विषांनी येते ती बरळ अवस्था. माणूस समोर नसलेल्यांशी बोलतो, कपडे काढतो, रस्त्यावर चालू लागतो, आणि जे दिसतंय ते खरं नाही याचं भान त्याला राहत नाही. अंग तापतं, लघवी अडते, छाती धडधडते. उतरायला एक-दोन दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. आणि मागाहून बरंचसं आठवतच नाही. ज्या प्रवासातून काही घेऊन परत यायचं, तिथे आठवणच राहणार नसेल तर त्या मलमाने साधकाला काय दिलं?

पर्याय म्हणून मगवर्ट या सुगंधी पानांच्या वनस्पतीकडे पाहा. स्वप्नांशी तिचं नातं जुनं आहे. उशीखाली तिची वाळलेली पानं पुरचुंडीत बांधून ठेवणं हा मला सर्वात पटलेला उपाय. तिचा प्रभाव सौम्य असतो, हे खरं. जोरदार धक्का हवा असलेल्यांची निराशा होईल. पण सकाळी वहीत लिहायला काहीतरी असतं. डेझीच्या कुळाची अॅलर्जी असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी मात्र तीही टाळावी. आणि ‘सौम्य’ म्हणून पेनिरॉयल या पुदिन्याच्या कुळातल्या वनस्पतीचं तेल कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. त्यातल्या प्युलेगोन या द्रव्याने यकृत निकामी होऊन माणसं दगावली आहेत.

धूर आणि काढा यांची तुलना करण्यात अर्थ नाही. दोन्ही नकोत. बंद खोलीत हेनबेनचं बी निखाऱ्यावर टाकणं म्हणजे श्वासातून मात्रा घेणंच, आणि कण्हेरीच्या फांद्या जाळल्या तर धूरही विषारीच.

मग खरी निवड उरते ती सुकी मुळी आणि जिवंत रोप यांच्यात.

सुकी मुळी सोयीची. काचेच्या बाटलीत बूच आणि मेण लावून बंद केली की तिला पुन्हा हात लावायची गरज नाही. अडचण ओळखीची आहे. मँड्रेक म्हणून ब्रायोनी या वेलीची कोरलेली मुळं खपवण्याचा धंदा शतकानुशतकं चालत आला आहे. मेअॅपल या अगदी वेगळ्या झाडालाही अमेरिकेत मँड्रेकच म्हणतात. दोन्ही विषारीच, पण विष वेगळं, लक्षणं वेगळी, उपचार वेगळे. म्हणून शास्त्रीय नाव न छापता विकतात तिथून घेऊ नका. वाळल्यावर विष जातं हाही गैरसमज: यू या सदाहरित झाडाची वाळकी फांदी ताज्या फांदीइतकीच घातक असते.

जिवंत रोपाने मिळतं ते बाटलीतल्या मुळीने कधीच मिळत नाही. धोतऱ्याचं फूल संध्याकाळी उलगडतं तेव्हा मिटलेल्या कळीच्या घड्या पिळासारख्या सुटत जातात आणि वास रात्रीच भरात येतो. त्याच्या शेजारी रोज बसणं, पाणी घालणं, बी धरताना पाहणं हीच माझ्या लेखी खरी साधना. पण काटेरी बोंड फुटून बी पसरायच्या आत ते कापायला हवं, आणि कापताना हातमोजे हवेत. रस डोळ्याला लागला तर त्या डोळ्याची बाहुली दिवसभर किंवा जास्त काळ विस्फारलेली राहू शकते. बेलाडोनाचं चमकदार काळं फळ पाच टोकांच्या हिरव्या चांदणीवर बसलेलं असतं, चवीला गोडसर असतं, आणि थोडीशी फळं लहान मुलाचा जीव घेऊ शकतात. घरात मूल असेल तर बेलाडोना लावू नका.

घंटेसारख्या फुलांची फॉक्सग्लोव्ह ही विषारी वनस्पती दिसायला सर्वात सुंदर. इंग्रज वैद्य विल्यम विदरिंग यांनी 1785 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि हृदयाचं औषध म्हणून तिची ओळख पक्की झाली. फुलं येण्यापूर्वी तिची पानं कॉम्फ्री या औषधी वनस्पतीसारखी दिसतात. फरक कडेला दिसतो: फॉक्सग्लोव्हच्या पानाची कड बारीक दातेरी, कॉम्फ्रीची सरळ. दोन्ही एकाच वाफ्यात नकोत. तिची फुलं ठेवलेल्या फुलदाणीतलं पाणीसुद्धा विषारी होतं.

मंक्सहूड नवशिक्यांनी घेऊच नये. त्यातलं अॅकोनिटिन कातडीतूनही शिरतं. आधी मुंग्या येतात, बधिरपणा येतो, मग हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्यावर उतारा नाही. ग्रीक कथेत तो पाताळाचा राखणदार कुत्रा सर्बेरस याच्या लाळेतून उगवला म्हणून हेकेटी या जादूच्या ग्रीक देवीच्या उपासकांना त्याची ओढ असते. तिला तिठ्यावर लसूण वाहण्याचीही जुनी ग्रीक परंपरा आहे, आणि मी लसूणच निवडेन. (लसूण कुत्र्या-मांजरांना बाधतो, तेव्हा तोही उघड्यावर टाकून येऊ नये.) मांजर पाळणाऱ्यांनी वेदीवर लिलीही ठेवू नये. विचक्राफ्टमधल्या विषारी वनस्पतींमध्ये तिचं नाव सहसा घेतलं जात नाही, पण तिचे परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

तर नवीन असाल, एकटे राहत असाल आणि घरात मूल किंवा जनावर नसेल, तर धोतऱ्याची एक कुंडी घ्या. घर भरलेलं असेल तर बंद बाटलीतली मुळी कुलपात ठेवा, नाहीतर वनस्पतीचं नुसतं चित्र वेदीवर ठेवा. मला चित्रातही काही कमी वाटत नाही. कुंडी असो की मुळी, सुरी, खलबत्ता आणि गाळणी स्वयंपाकघरापासून वेगळी असावी, आणि बाटलीवर शास्त्रीय नाव आणि ‘विष’ असं ठळक लिहावं.

चुकून कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी काढायला लावू नका, लक्षणांची वाट पाहू नका. वनस्पतीचा तुकडा किंवा बाटली घेऊन थेट रुग्णालय गाठा आणि विधीचं सगळं खरं खरं सांगा. धोतऱ्याच्या विषबाधेवर फायसोस्टिग्मिन हा उतारा आहे, फॉक्सग्लोव्हवर प्रतिपिंडांचं इंजेक्शन आहे, पण कोणतं द्यायचं हे डॉक्टरांना तुमच्याकडूनच कळणार.