न्येरेरे की सेलू? टांझानियाच्या कोरड्या जंगलात जाण्याआधी

दक्षिण टांझानियातलं सेलू गेम रिझर्व्ह 1982 पासून जागतिक वारसा यादीत आहे. 2019 मध्ये त्याचा मोठा तुकडा वेगळा काढून न्येरेरे राष्ट्रीय उद्यान केलं. जंगल तेच, मिओम्बो नावाच्या आफ्रिकी झाडांचं पानझडी. नियम मात्र पूर्ण वेगळे.

न्येरेरेत शिकार बंद. तिथे जीप आहे, सोबत बंदूकधारी रेंजर घेऊन पायी फिरणं आहे आणि रुफिजी नदीतली बोट आहे, जी मला सगळ्यात उजवी वाटते. पाणघोडे फुरफुरत वर येतात, काठावर मगरी लाकडाच्या ओंडक्यांसारख्या पडलेल्या असतात. जून ते ऑक्टोबर पानं झडलेली, पाणी आटलेलं. जनावरं आपसूक तळ्यांवर येतात. मार्च ते मे पावसात रस्त्यांचा चिखल होतो, बरेच कॅम्प बंदच असतात. आणि हो, निळे-काळे कपडे नकोत, त्सेत्से या चावऱ्या माश्या त्या रंगांवर तुटून पडतात.

उरलेल्या सेलूत बहुतेक भाग शिकारीच्या ब्लॉकचा, म्हणजे शिकारीसाठी आखून दिलेल्या तुकड्यांचा. परवाना, प्रत्येक प्राण्याचा ठरलेला कोटा, सोबत व्यावसायिक शिकारी. सिंह सहा वर्षांखालचा मारायचा नाही. समर्थक म्हणतात, या पैशावरच राखणदारी चालते. पण याच सेलूत चोरट्या शिकारीने हत्तींची संख्या भयंकर घटली, हेही खरं.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारबंदीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला जड जातं. कॅमेरा घेऊन जाणार असाल तर सरळ न्येरेरे.