इथल्या एनआयसीयूचा (नवजात बाळांच्या आयसीयूचा) आमचा अनुभव (४ स्टार)
आमचं बाळ ३० व्या आठवड्यात झालं, वजन १२०० ग्रॅम, ४१ दिवस इथे होतं. २२ व्या दिवसापर्यंत सगळं छान चाललेलं, दूध वाढवलेलं, आणि त्या रात्री अचानक मॉनिटर वाजायला लागला, बाळ मधेच श्वास घ्यायचं थांबत होतं. ताप नाही, खोकला नाही, काहीच नाही. नाकातला स्वॅब पाठवला तर आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक व्हायरस) पॉझिटिव्ह. मोठ्या माणसाला याने बहुतेक वेळा नुसती सर्दी होते, पण आईच्या अँटीबॉडीज बाळाला जास्त करून शेवटच्या दोन-तीन महिन्यांत मिळतात आणि आमचं तर त्याआधीच बाहेर आलेलं.

लगेच बाळाला वेगळ्या खोलीत हलवलं, शेजारच्या बाळांचे आणि स्टाफचे पण स्वॅब घेतले. मग इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर रजिस्टर घेऊन माझ्याजवळ बसल्या. लागण झाल्यावर २ ते ८ दिवसांत लक्षणं दिसतात म्हणे, म्हणून मागचे आठ दिवस एकेक करून विचारले, कांगारू केअरला (बाळाला उघड्या छातीशी धरून) किती वाजता बसलात, दूध काढायच्या खोलीत कोण कोण होतं, घरी कोणाला सर्दी आहे का. तेव्हा आठवलं, मोठी लेक बालवाडीतून सर्दी घेऊन आलेली, मग माझा पण घसा दोन दिवस खवखवत होता आणि मी कोणाला बोलले नव्हते, बोलले असते तर बाळाला छातीशी घेऊ दिलं नसतं ना. तिथेच रडायला लागले. त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडूनच आलं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण मला रस्ता सापडायला हवा, अजून अकरा बाळं आहेत आत."

बाकी सगळ्यांचे स्वॅब निगेटिव्ह आले. दूध बंद करू का विचारलं तर नाही म्हणाले, आरएसव्ही दुधातून जात नाही, शिंका-खोकला आणि हातांमधून जातो (सीएमव्ही नावाचा दुसरा व्हायरस दुधातून जाऊ शकतो, तो वेगळा). नळीने माझंच दूध चालू ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून दारातच प्रत्येक आईला नाक-घसा कसा आहे विचारायला लागले.

एक स्टार कापला तो बाहेरच्या बेसिनसाठी. हात नीट धुवायचे आणि मग तोच नळ त्याच हाताने बंद करायचा, आणि मोबाईल तसाच आत न्यायचा, हा व्हायरस तर कडक पृष्ठभागावर काही तास टिकतो. कोपराने बंद होणारा नळ बसवा, प्लीज.